वर्दी उतरल्यावरची उधारी

१७ एप्रिल १९७३ च्या रात्री अमेरिकेतल्या मेम्फिस विमानतळावरून एका नव्या कंपनीचं काम सुरू झालं. १४ छोटी विमानं, २५ शहरं आणि पहिल्या रात्रीची पार्सलं मोजून १८६. कंपनीचं नाव फेडरल एक्सप्रेस. मालक फ्रेड स्मिथ हे तिशीही न ओलांडलेले गृहस्थ, मरीन दलातले माजी अधिकारी. व्हिएतनामच्या दोन फेऱ्या करून आलेले, सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळवलेले.

सुरुवातीलाच रोकड आटत चालली. तेल कंपन्यांनी हात आखडता घेतला. विमान उडवायचं तर आधी पैसे टाका. कंपनीतले सुरुवातीचे वरिष्ठ अधिकारी रॉजर फ्रॉक यांनी पुढे आपल्या पुस्तकात एक प्रसंग लिहिला आहे. एका शुक्रवारी बँकेत उरले होते ५,००० डॉलर आणि आठवड्याचं इंधनाचं बिल होतं २४,००० डॉलर. गुंतवणूकदारांनी नकार दिलेला. सोमवारी फ्रॉक पाहतात तर खात्यात ३२,००० डॉलर! स्मिथ परस्पर लास व्हेगासला गेले होते, ब्लॅकजॅकच्या टेबलावर बसले होते आणि २७,००० जिंकून आले होते. विमानं उडाली.

व्यवस्थापनाच्या वर्गांत ही गोष्ट धाडसाचा नमुना म्हणून सांगतात. मला मात्र ती उधारीची गोष्ट वाटते. पुरवठादारानं उधारी तोडली की धंदा किती दिवस तग धरतो, याचं इतकं उघडंनागडं उदाहरण सहसा सापडत नाही. त्यातच दुसरा प्रश्न दडलेला आहे. शेवटचे ५,००० डॉलर डावावर लावणारा माणूस आणि इंधनवाल्याचं बिल भागलंच पाहिजे म्हणून त्या टोकाला जाणारा माणूस, यांतला सैनिक कोणता?

उधारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किराणा दुकानातली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी येते. पण खरी मोठी उधारी कंपन्या एकमेकींना देतात. भोसरीतला एखादा छोटा कारखानदार मोठ्या कंपनीला सुटे भाग करून देतो. माल जातो, चलनावर शिक्का बसतो, बिल जातं आणि मग तो साठ-नव्वद दिवस वाट पाहतो. त्याच्या वहीत हे ‘येणं’, मोठ्या कंपनीच्या वहीत ‘देणं’. तेवढे दिवस हा छोटा माणूस त्या मोठ्या कंपनीची बिनव्याजी बँक झालेला असतो, आणि बहुधा त्यासाठी स्वतः बँकेकडून व्याजानं पैसे उचलत असतो.

ही उधारी फुकट मिळते असं दिसतं, पण तसं नेहमी नसतं. अमेरिकेतल्या बिलांवर एक जुनी अट असते : दहा दिवसांत पैसे द्याल तर दोन टक्के सूट, नाहीतर तिसाव्या दिवशी पूर्ण रक्कम. १०० रुपयांचं बिल धरा. दहाव्या दिवशी ९८ देऊन सुटका होते. ती संधी सोडली तर ९८ रुपये आणखी वीस दिवस वापरण्यासाठी आपण दोन रुपये मोजतो. असे वीस-वीस दिवसांचे सव्वाअठरा टप्पे वर्षात बसतात. सरळ हिशेबानं व्याज पडतं ३७ टक्क्यांच्या आसपास, चक्रवाढ धरली तर ४४ टक्क्यांच्याही वर. सावकारही एवढा दर उघडपणे सांगायला कचरेल.

मग ही महाग उधारी घेतं कोण? ज्याला बँकेचं दार सहज उघडत नाही तो. मिचेल पीटरसन आणि रघुराम राजन (आपल्या रिझर्व्ह बँकेचे नंतरचे गव्हर्नर तेच) यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या छोट्या उद्योगांच्या आकडेवारीवरून हे तपशिलात मांडलं. बँक नाकारते त्याला पुरवठादार उधार का देतो, याचंही त्यांचं उत्तर व्यवहारी आहे. पुरवठादार गिऱ्हाइकाला जवळून पाहतो. ऑर्डरी घटल्या, फोन उचलणं कमी झालं, हे त्याला बँकेच्या आधी कळतं. पैसे थकले तर तो पुढचा माल थांबवू शकतो, आणि दिलेला माल परत मिळालाच तर तो विकायचा कुठे हेही त्यालाच माहीत असतं. शिवाय गिऱ्हाईक जगलं तरच उद्याचा धंदा. तारण नाही, पुष्कळदा धड करारही नाही. समोरच्या माणसाचा अंदाज आणि त्याचा शब्द, एवढ्यावर गाडा चालतो.

शब्द म्हटला की तो देणारा कोण, हे आलंच.

अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत कंपनी हेच एक माणूस असायचं, हिशेबी आणि बिनचेहऱ्याचं. १९८४ मध्ये डोनाल्ड हॅम्ब्रिक आणि फिलिस मेसन यांनी वेगळी बाजू मांडली : वरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांचं शिक्षण, वय, आधीच्या नोकऱ्या, अनुभव यांची छाया कंपनीच्या निर्णयांवर पडते. त्यानंतर संशोधक साहेबांच्या चरित्रांत शिरले. कोण मंदीत वाढला, कोण वकील होता, कोण लष्करात होता. लष्कर त्यांना विशेष आवडलं, कारण तरुण वयातला हा ठसा बायोडेटात स्पष्ट लिहिलेला सापडतो.

पण इथे एक पेच आहे. ज्याला मुळातच जोखमीची आवड आहे तोच लष्करात गेला, तर पुढे कंपनीत त्यानं घेतलेली जोखीम लष्करानं शिकवली की आईच्या पोटातून आणली? सक्तीच्या भरतीनं हा पेच बराचसा सोडवला. अमेरिकेत १९७३ पर्यंत तरुणांना बोलावणं यायचं आणि जावं लागायचं. १९२० च्या दशकात जन्मलेला मुलगा दुसऱ्या महायुद्धात ओढला जाण्याची शक्यता मोठी होती. वीस-पंचवीस वर्षांनी जन्मलेल्याचं तसं नव्हतं. जन्मवर्ष काही कुणी निवडत नाही. एफ्रेम बेनमेलेक आणि कॅरोला फ्रिडमन यांनी हाच धागा धरून २०१५ मध्ये शोधनिबंध लिहिला. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांपैकी १९८० मध्ये ५९ टक्के लष्करात राहून आलेले होते, २००६ मध्ये उरले ६.२ टक्के. एक अख्खी पिढी निवृत्त झाली, त्यासोबत तिची कार्यपद्धतीही गेली.

ती कार्यपद्धती कशी होती? बेनमेलेक-फ्रिडमन यांच्या हिशेबानं माजी सैनिकांच्या कंपन्या नव्या गुंतवणुकीवर आणि संशोधनावर कमी खर्च करत. हिशेबातल्या लबाडीत त्या सापडण्याची शक्यता ७० टक्क्यांपर्यंत कमी होती. त्यांच्या उद्योगाला वाईट दिवस आले की त्या इतरांपेक्षा बऱ्या चालत. केल्विन लॉ आणि लिलियन मिल्स यांना २०१७ मध्ये आढळलं की हे लोक कर चुकवण्याच्या वाटाही कमी शोधतात. इथवर चित्र आपल्या मनातल्या सुभेदारसाहेबांशी जुळतं : सरळ, काटकसरी, हिशेबाला पक्का.

पण उलरिके मालमेंडियर, जेफ्री टेट आणि जॉन यान यांनी त्याआधीच, २०११ मध्ये, हे चित्र बिघडवलं होतं. त्यांच्या अभ्यासात महामंदीत बालपण गेलेले प्रमुख कर्जाला घाबरत होते, आणि लष्करातून आलेले प्रमुख कर्ज अंगावर घ्यायला इतरांपेक्षा जास्त तयार होते. म्हणजे नियम पाळणारी, चोरी न करणारी तीच माणसं कर्ज काढताना हात सैल सोडतात.

यात मला फारशी विसंगती दिसत नाही. लष्कर देण्या-घेण्याबद्दल काय शिकवतं ते पाहिलं की उलगडा होऊ लागतो.

अमेरिकेच्या लष्करी कायद्यातलं १३४ वं कलम वाचण्यासारखं आहे. लाजिरवाण्या रीतीनं कर्ज बुडवणं हा त्याखाली सैनिकाचा गुन्हा ठरू शकतो. साध्या नागरिकानं देणं थकवलं तर सावकार दिवाणी दाव्यासाठी कोर्टात जाणार, तुरुंगाचा प्रश्न येत नाही. गणवेशातल्या माणसाचं प्रकरण शिस्तभंगाच्या कारवाईपर्यंत जाऊ शकतं. शिवाय डोक्यावर कर्ज साचलेल्याला गोपनीय कामाची परवानगी नाकारली जाऊ शकते, कारण कर्जात बुडालेला माणूस विकत घेता येतो, असा त्यामागचा विचार.

आपल्याकडे कॅन्टोन्मेंटच्या आसपास राहिलेल्यांना ऑफिसर्स मेसची रीत ठाऊक असेल. तिथे जेवणानंतर खिशातून नोटा कुणी काढत नाही. चिटवर सही करायची, महिनाअखेर मेस बिल येतं आणि ते ठरलेल्या तारखेच्या आत भरायचं. मेस बिल थकलेला अधिकारी म्हणजे चारचौघांत मान खाली. बदली झाली की खात्याखात्यातून ‘काही देणं नाही’ असा क्लिअरन्स घेतल्याशिवाय पाय निघत नाही. म्हणजे अधिकाऱ्याचं आयुष्य उधारीवरच चालतं, फक्त त्या उधारीला तारीख असते आणि ती तारीख पाळायची असते.

याची दुसरी बाजू कुणी फारशी सांगत नाही. सैनिकाला पुरवठ्याचा अनुभव भरपूर असतो, त्याच्या किमतीचा जवळजवळ नसतो. शिधा येतो, दारूगोळा येतो, इंडेंट म्हणजे मागणीपत्र पाठवलं की सामान येतं. क्वार्टरमास्टर सही घेतो, बिल देत नाही. पगार ठरल्या दिवशी जमा. ‘चेक तयार आहे, पण साहेब बाहेरगावी गेलेत’ हे वाक्य त्यानं पंचवीस वर्षांत ऐकलेलं नसतं. पुरवठा तुटला की माणसं मरतात हे त्याला पक्कं माहीत असतं, पण वसुलीसाठी तगादा लावणं ही कला तो नागरी जीवनात येऊन, आणि बहुधा मार खाऊन, शिकतो.

म्हणून माझा अंदाज असा : लष्करी माणूस उधारी किती घेईल हे सांगता येणार नाही. कबूल केलेली तारीख तो सहज मोडणार नाही, एवढं सांगता येईल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक दाखवणारं एक उदाहरण माझ्यासमोर आहे.

प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबण-डायपरवाली अवाढव्य कंपनी. २००९ पासून तिचे प्रमुख होते बॉब मॅकडोनाल्ड. १९७५ ला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडलेले, पाच वर्षं सैन्यात काढून कॅप्टन म्हणून आलेले. वेस्ट पॉइंटची सन्मानसंहिता म्हणजे खोटं न बोलण्याची, न फसवण्याची शपथ. ती त्यांच्या भाषणांतूनही डोकावायची. याच कंपनीनं २०१३ च्या वसंतात पुरवठादारांना कळवलं की यापुढे पैसे सुमारे ४५ दिवसांऐवजी ७५ दिवसांनी मिळतील. तेव्हाच्या अंदाजानं यातून कंपनीच्या हाती दोन अब्ज डॉलरपर्यंत रोकड मोकळी होणार होती. ज्याला थांबणं परवडत नाही त्यानं बँकेकडून थोडी कपात सोसून आधी पैसे उचलावेत, अशी सोयही लावून दिली. कपातीचा दर पुरवठादाराच्या नव्हे, कंपनीच्या पतीवर ठरणार, म्हणून तो कमी. काही महिन्यांत मॅकडोनाल्ड पायउतार झाले आणि त्यांच्या आधीचे प्रमुख ए. जी. लाफ्ली परतले. लाफ्लीही तरुणपणी नौदलात होते, तेही पुरवठा अधिकारी म्हणून, जपानमधल्या तळावर.

दोन माजी सैनिक खुर्चीत आणि पुरवठादाराची वाट तीस दिवसांनी लांबलेली. मग ती मेस बिलाची शिस्त कुठे गेली?

कंपनीनं मुदत मोडली नाही, मुदत बदलली. आधी सांगून, सगळ्यांना एकच नियम लावून, पर्याय देऊन. हुकूम कडक होता, पण लेखी होता. पुरवठादाराच्या खिशाला दोन्हींचा चटका सारखाच बसतो हे मान्य. तरी ‘पंचेचाळीस’ म्हणून नव्वदाव्या दिवशी देणारा आणि ‘पंचाहत्तर’ म्हणून पंचाहत्तराव्या दिवशी देणारा, या दोघांशी धंदा करताना रात्रीची झोप वेगवेगळी लागते. आणि गंमत अशी, की ताळेबंदात हा फरक दिसतच नाही. तिथे ‘देणी’ या ओळीत एकच आकडा असतो. त्यातलं किती मुदतीतलं आणि किती थकलेलं, हे त्या ओळीवरून कळत नाही. प्रमुखाच्या लष्करी पार्श्वभूमीचा व्यापारी उधारीशी संबंध जोडणारे अभ्यास याच ओळीवर उभे असतात. त्यामुळे ते वाचताना मी जरा जपूनच वाचतो. शिवाय एवढ्या मोठ्या कंपनीचं पेमेंट धोरण एका कॅप्टनच्या स्वभावावर ठरत नाही. २००८ च्या संकटानंतर सगळेच रोकड धरून बसले होते आणि प्रतिस्पर्धी याआधीच जास्त दिवस लावत होते.

आतापर्यंत आपण खुर्चीत बसलेल्याच्या स्वभावाबद्दल बोललो. पण उधारी देणारा दुसरा असतो, आणि त्याला समोर वर्दी दिसते. ही बाजू समजून घ्यायला चीनकडे जावं लागतं.

१९८०च्या दशकातला शेन्झेन. चीनच्या लष्कराच्या बांधकाम अभियंता दलातले सुमारे २० हजार जवान या नव्या शहराची उभारणी करायला आणले आणि १९८३ मध्ये त्यांची वर्दी तिथल्या तिथे उतरवली. कालचे सैनिक आज कंत्राटदार. खासगी धंद्याला सरकारी बँका उभं करत नव्हत्या, व्यापारी कोर्टं नवखी होती, कुणाची पत तपासायची तर विचारायचं कुणाला? फ्रँकलिन ॲलन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की चीनचा खासगी उद्योग वाढला तो मुख्यतः ओळख, नावलौकिक आणि आपसांतल्या उधार-उसनवारीवर. अशा बाजारात ‘हा आमच्या दलातला’ हे वाक्य तारणासारखं चालणं स्वाभाविक आहे. तिथल्या सूचीबद्ध कंपन्या संचालकांचे बायोडेटा वार्षिक अहवालात छापतात, त्यामुळे लष्करी पार्श्वभूमीवरचे अभ्यासही तिथे पुष्कळ झाले. अडचण मघाचीच आहे. वर्दी पाहून पुरवठादार जास्त उधार द्यायला तयार होतो आणि वर्दीच्या सवयीनं माणूस कमी घेतो, तर आकड्यात दोन्हींची वजाबाकी तेवढी उरते.

त्याच दलात १९७४ पासून काम केलेले एक अभियंते होते रेन झेंगफेई. दल बरखास्त झाल्यावर शेन्झेनमध्ये एका सरकारी उद्योगसमूहाच्या छोट्या कंपनीत ते लागले. टीव्ही संच खरेदी करायचे होते. त्यांनी पैसे आधी पाठवले, माल घ्यायला गेले तर संच नव्हतेच. वीस लाख युआनहून जास्त बुडाले. आगाऊ पैसे ही उलटी उधारी असते. त्यात गिऱ्हाईकच विक्रेत्याची बँक होतं. इंडेंट पाठवला की सामान येतं, अशा जगातून आलेल्या माणसाला ती फार महाग पडली. वकिलाला द्यायला पैसे नव्हते, म्हणून कायद्याची पुस्तकं स्वतः वाचून ते वसुलीच्या मागे लागले, हे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. नोकरी सुटली. १९८७ मध्ये २१ हजार युआन भांडवलावर त्यांनी हुआवेई काढली आणि हाँगकाँगच्या एका कंपनीचे टेलिफोन स्विच विकायला सुरुवात केली. पुढे याच लष्करी पूर्वेतिहासावर अमेरिकेच्या संसदीय समितीनं २०१२ च्या अहवालात बोट ठेवलं. वर्दीची पत सरहद्दीपलीकडे वटत नाही, उलट तिथे ती उणी होते.

आपल्याकडे सक्तीची भरती कधी नव्हती आणि मोठ्या कंपन्यांच्या शिखरावर माजी सैनिक मोजकेच. पण लष्कर आणि उधारी यांची गाठ पाहायची तर पुण्या-साताऱ्याकडे निवृत्त अधिकाऱ्यांनी काढलेल्या सुरक्षा एजन्सींत पाहावी. हा धंदा बाहेरून पहारेकऱ्यांचा दिसतो, आतून तो उधारी देण्याचा आहे. गार्डचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत झाला पाहिजे, भविष्यनिर्वाह निधी १५ तारखेपर्यंत भरला पाहिजे. ज्या कारखान्याच्या गेटवर हे गार्ड उभे असतात त्याचं पेमेंट मात्र दोन-अडीच महिन्यांनी निघतं. माणसं जितकी वाढवाल तितके पैसे अडकतात.

कायदा एजन्सीच्या बाजूनं आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे रोखता येत नाहीत, लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून आयकर कायद्यानंही चिमटा काढला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं मुदतीत न दिलेल्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. मार्चएंडला अचानक जुनी बिलं निघू लागली ती यामुळे.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त मेजर अशी एजन्सी चालवतात. पगाराची तारीख त्यांनी एकदाही चुकवलेली नाही. त्यासाठी पेन्शनच्या खात्यातून पैसे काढले आहेत, एकदा वहिनींच्या बांगड्याही गहाण पडल्या होत्या. “मेजरसाहेब, सरकारच्या पोर्टलवर तक्रार का करत नाही? तिप्पट व्याज मिळेल,” असं मी विचारलं तेव्हा ते हसले.

“अहो, तक्रार केली तर व्याज मिळेल, पण गेट जाईल. तिथे माझे चाळीस जण आहेत.”

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. सहा तारीख होती, बँक चारला बंद होणार होती, आणि कारखान्याच्या अकाउंट्समधल्या मुलानं सांगितलं होतं की फाइल सहीला गेली आहे.